गच्चीवरचा रेडिओ आणि दोन अर्थिंग: प्रकल्पाच्या नोंदी

४ मे

काल रात्रीच्या वादळात कार्यशाळेची बिनतारी नेटवर्क लिंक गेली. मुख्य इमारतीच्या गच्चीवर मास्ट (पाईपचा उंच खांब), मास्टवर ५ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ, समोर साडेतीनशे मीटरवर कार्यशाळेच्या छपरावर त्याचा जोडीदार. सकाळी रेडिओ उतरवून टेबलावर दुसऱ्या अ‍ॅडॉप्टरला लावला, तर पठ्ठ्या लगेच सुरू झाला. मेलं ते खालचं. कपाटातला पीओई इंजेक्टर (डेटाच्याच केबलमधून रेडिओला पॉवर देणारा डबा) गेला, स्विचचे आठपैकी तीन पोर्ट गेले आणि तिसऱ्या पोर्टला लावलेला कॅमेरा रेकॉर्डरही गेला.

म्हणजे उघड्यावर, सगळ्यात उंच बसलेलं यंत्र शाबूत आणि बंद खोलीत कपाटात बसलेली तीन यंत्रं ठार. वर सर्ज प्रोटेक्टर (दाबाचा झटका अर्थिंगकडे वळवणारा) लावलेला होता म्हणून रेडिओ वाचला, असं सगळे म्हणतायत. मला ते अर्धंच पटलंय.

५ मे

स्विच उघडला. झाकण काढताच जळक्या बेकेलाइटचा वास. रेडिओच्या पोर्टमागे ट्रान्सफॉर्मरचा काळा ठोकळा असतो, त्याला कडेने केसाएवढी चीर. शेजारचा निळा चकतीसारखा कपॅसिटर गायब, बोर्डात फक्त त्याचे दोन पाय उभे आणि भोवती काजळीचा पंखा. शेजारच्या पोर्टचा तसाच कपॅसिटर शिल्लक होता, त्यावर २ केव्ही (२,००० व्होल्ट) असं छापलेलं वाचता आलं. हा कपॅसिटर तारांच्या जोड्या आणि स्विचचं चासी (धातूचा सांगाडा) यांच्यामध्ये बसतो. म्हणजे दाब (व्होल्टेज) वायरीतून आला आणि चासीतून अर्थिंगकडे गेला.

मास्टच्या टोकाला वितळल्याची, काळवंडल्याची खूण नाही. वीज मास्टवर पडलेलीच नाही. दुपारी कुंपणाशी फिरताना ती कुठे पडली ते सापडलं. मास्टच्या अर्थिंगपासून पावलांनी मोजून सुमारे ५० मीटरवर एक झाड, बुंध्यावर वरून खालपर्यंत साल सोलल्याची ताजी पांढरी पट्टी. पट्टी जमिनीत शिरते तिथे माती उकरल्यासारखी.

७ मे

आजचा दिवस अर्थिंगचा रोध मोजणाऱ्या अर्थ टेस्टरचा. मास्टला स्वतःचं वेगळं अर्थिंग आहे, इमारतीच्या मागे ३ मीटरची एकच सळई. टेस्टरच्या दोन खुंट्यांपैकी करंटचा ३० मीटरवर ठोकला, दाबाचा खुंटा त्या अंतराच्या ६२ टक्क्यांवर, म्हणजे साडेअठरा मीटरवर. सळईला आलेली वायर सोडवून मोजलं, ३८ ओहम. इमारतीचं मुख्य अर्थिंग चालू लाइनवर सोडवणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून मेन बंद करून मोजलं, ४ ओहम. दोन्हींमध्ये अंतर १८ मीटर आणि एकमेकांना जोडणारी एकही तार नाही. कोडं इथेच सुटलं.

वीज जमिनीत शिरली की मातीतला दाब पाण्यातल्या तरंगांसारखा वर्तुळांनी पसरतो, जवळ जास्त, लांब कमी. ३८ ओहमवरून इथल्या मातीची रोधकता (माती करंटला किती अडवते ते) सुमारे ११० ओहम-मीटर निघते. पहिल्या झटक्याचा करंट ३० किलोअँपिअर धरला (हा नेहमीचा मधला आकडा), तर झाडापासून ५० मीटरवरच्या मास्टच्या सळईपाशी सुमारे १०,५०० व्होल्ट आणि ६८ मीटरवरच्या मुख्य अर्थिंगपाशी सुमारे ७,७०० व्होल्ट. फरक २,८०० व्होल्ट. माती सगळीकडे सारखी नसते, तेव्हा हा आकडा अंदाजाचाच, पण कुठल्या घरातला ते कळतं. इथरनेट पोर्टच्या ट्रान्सफॉर्मरची चाचणी १,५०० व्होल्ट एसीला एक मिनिट किंवा २,४०० व्होल्टच्या दहा झटक्यांना टिकण्याची असते.

आता वरच्या प्रोटेक्टरचं पाहा. त्याची अर्थ वायर मास्टला, मास्ट ३८ ओहमच्या सळईला. सळईचा दाब उसळल्याबरोबर प्रोटेक्टरने आपलं काम चोख केलं, डेटाच्या आठही तारा मास्टशी जोडून टाकल्या. रेडिओ मास्टवरच, त्यामुळे त्याच्या आजूबाजूचं सगळं एकदमच वर गेलं, त्याला काही जाणवलंच नाही. पण त्याच तारांचं दुसरं टोक स्विचमध्ये आणि स्विच मुख्य अर्थिंगवर. २,८०० व्होल्टचा सगळा फरक त्या निळ्या चकतीवर येऊन बसला. रेडिओ वाचवणाऱ्या प्रोटेक्टरनेच स्विच मारला!

८ मे

वायरमनकाकांना बोलावलं. दोन्ही अर्थिंग जोडायची म्हणताच त्यांनी मान हलवली.

“अहो साहेब, इंटरनेटचं अर्थिंग वेगळंच ठेवतात. जोडलं तर लाइटीचा करंट तुमच्या मशिनात यायचा.”

“काका, अहो आत्ता वेगळं होतं म्हणूनच आलाय तो मशिनात.”

त्यांना जळका बोर्ड दाखवला, झाडाशी नेलं, मातीत काठीने वर्तुळं काढली. वर्तुळं पाहून ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे दोन पाय दोन पायऱ्यांवर.” यापेक्षा नेमकं मला सांगता आलं नसतं. विजेच्या जागेजवळ उभ्या जनावरांचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून लांब असतात म्हणून ती मरतात, तेच इथे दोन सळयांच्या बाबतीत झालं.

आणखी एक गोष्ट निघाली. प्रोटेक्टरची अर्थ वायर लागत होती अर्धा मीटर, होती तीन मीटर. उरलेली वायर कोणीतरी फार निगुतीने वेटोळं करून टायने बांधून ठेवली होती. दिसायला देखणं काम. सरळ वायरचा इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री असतो. करंट मायक्रोसेकंदाला १ किलोअँपिअरने चढला, तर दर मीटरवर १,००० व्होल्ट उभे राहतात आणि वेटोळं केलं की त्याहून जास्त. टेस्टरवर ०.१ ओहम दाखवणारी वायर विजेच्या वेळी भिंत होते. वेटोळं कोणी केलं ते काकांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

११ मे

आराखडा ठरला. वीज अडवायचा विचार मनातून काढून टाकला, ती आपल्याला अडवता येत नाही. तिच्या वेळी सगळं एकदम वर जाईल आणि एकदम खाली येईल, एवढंच बघायचं. इमारतीत वायरी जिथून शिरतात तिथे तांब्याची एक पट्टी बसवायची. गच्चीवरून येणारी प्रत्येक वायर, डेटा असो वा पॉवर, त्या पट्टीवरच्या प्रोटेक्टरमधूनच आत जाईल. स्विचच्या कपाटाचं अर्थिंगही त्याच पट्टीवर आणि पट्टी मुख्य अर्थिंगला. मास्टची सळई आणि मुख्य अर्थिंग जमिनीखालून २५ बाय ३ मिलिमीटरच्या तांब्याच्या पट्टीने जोडायची. गोल वायरीपेक्षा चपट्या पट्टीचा इंडक्टन्स कमी. तरी १८ मीटर म्हणजे थोडंथोडकं अंतर नाही, चढत्या करंटला तेही जाणवणार. म्हणून नुसती ती जोडणी पुरेशी नाही, प्रवेशाची पट्टी हवीच.

वरिष्ठांकडून एक सूचना आली, ‘वीज पळवून लावणारी’ ब्रशसारखी टोकं बसवा. नको म्हटलं. टोक वीज पळवून लावत नाही, पडायचीच असेल तर ती आपल्या अंगावर घेऊन वाट दाखवतं. आणि पुढे वाट नसेल तर काय होतं, ते १७५३ सालीच दिसलंय. सेंट पीटर्सबर्गमध्ये गेओर्ग रिखमान यांनी ढगातली वीज मोजण्यासाठी जमिनीला न जोडलेला दांडा घरात आणला होता. वादळात ते त्याच्याशी वाकून पाहत असताना ठिणगी थेट त्यांच्यावर आली आणि ते गेले.

१४ मे

काम बंद. दुपारी गडगडाट. चमक आणि आवाज यांत १२ सेकंद मोजले, म्हणजे ४ किलोमीटर. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास कोणी गच्चीवर जायचं नाही, हा नियम दारावर लिहून लावला. पोरं कुरकुरली.

१६ ते १८ मे

जुन्या सळईपासून सहा-सहा मीटरवर आणखी दोन सळया ठोकल्या. काका म्हणत होते एकाच खड्ड्यात तिन्ही घाला. जवळजवळ ठोकलेल्या सळया एकाच मातीवर जगतात, मग तीन असून एकीचंच काम होतं. दोन सळयांवर २२ ओहम आला, तीनवर १५, त्यांना जोडणारी उघडी तांब्याची पट्टी पुरल्यावर ११. मुख्य अर्थिंगला जोडायच्या आधीचे हे आकडे आहेत.

मास्टचा पाईप गॅल्व्हनाइज्ड (जस्ताचा थर दिलेला), पट्टी तांब्याची. दोन्ही थेट एकमेकांना टेकवले, तर पावसाच्या पाण्यात जस्त खाऊन जातं. दोन धातूंसाठीचे खास क्लॅम्प वापरले. पाईपचा रंग खरवडून चकचकीत धातू निघेपर्यंत घासला, मगच क्लॅम्प. जुन्या क्लॅम्पखाली रंग तसाच होता. इतकी वर्षं मास्ट अर्थिंगला कागदावरच जोडलेला होता म्हणायचा.

१९ मे

मास्टच्या टोकाला रेडिओच्या वर एक मीटर उंच सळई. रेडिओ आधी पाईपच्या अगदी टोकाशीच बसलेला, म्हणजे वीजवाहक तोच! ४५ मीटर त्रिज्येचा गोळा गच्चीवरून घरंगळत नेला तर तो कुठे कुठे टेकेल, हे कागदावर काढून पाहिलं. मानकातली हीच पद्धत आहे, गोळा टेकेल तिथे वीज टेकू शकते. रेडिओ आता सळईच्या सावलीत आहे. पाण्याच्या टाकीचा कोपरा मात्र अजून उघडा आहे, ते काम या प्रकल्पात नाही, कळवून ठेवलं.

२० मे

पट्टी बसली. डेटाचा प्रोटेक्टर पट्टीलाच पिळला, मधे वायरच नाही. आत तीन टप्पे आहेत. गॅस ट्यूब मोठा लोंढा घेते पण उठायला वेळ लावते, तोवर टीव्हीएस डायोड खिंड लढवतो, मधले छोटे रेझिस्टर दोघांना सावरून धरतात. मेन बोर्डात टाइप २ चा एसपीडी, म्हणजे मेन लाइनचा सर्ज प्रोटेक्टर. त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायच्या असतात. काकांनी आधी बोर्डाच्या कडेने काटकोनात सुबक फिरवल्या होत्या, त्या माझ्यासमोर कापून सरळ आणि बुटक्या केल्या. “दिसायला वाईट दिसतंय,” म्हणाले. खरंच वाईट दिसतंय.

नवा स्विच, नवा इंजेक्टर लावला. लिंक उभी, सिग्नल −६१ डीबीएम.

२३ मे

लिंक अडखळतेय. दिवसातून चार-पाच वेळा दहा-वीस मिनिटं वेग रडतो, मग आपोआप ठीक होतो. नवीन अर्थिंगमुळेच झालं, असं काका न बोलता डोळ्यांनी म्हणाले.

२४ मे

आख्खा दिवस चॅनल शोधण्यात घालवला. स्पेक्ट्रम स्कॅन, तीन चॅनल बदलून पाहिले, रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्‌झवर आणली. काही फरक नाही. आता शांतपणे बघितलं तर अडखळण्याच्या वेळीही सिग्नल −६१ च होता, नॉइझ फ्लोअरही (हवेतला मूळ गोंगाट) जागच्या जागी. हवेत काही बिघडलेलंच नव्हतं. हे काल बघायला हवं होतं.

२५ मे

स्विचवर रेडिओच्या पोर्टचे सीआरसी एररचे (वाटेत बिघडलेल्या डेटाचे) आकडे उघडून बसलो. शून्य. शून्य. सव्वादहाला डक्टमधून पंपाची घरघर सुरू झाली आणि मिनिटाभरात आकडा चार हजारांच्या पुढे. पंप थांबला, आकडा थांबला.

पंपाच्या मोटरीला आता वेग बदलणारा ड्राइव्ह आहे. ड्राइव्ह मोटरीला सरळ एसी देत नाही, सेकंदाला काही हजार वेळा चालू-बंद करून तुकड्यांत देतो. त्या तुकड्यांच्या कडा इतक्या तीव्र असतात की त्यांचे पडसाद दहा-वीस मेगाहर्ट्‌झच्याही पुढे पोचतात. १०० मेगाबिट इथरनेटची मूळ लय ३१.२५ मेगाहर्ट्‌झची, तेव्हा गोंगाट थेट बोलण्यातच मिसळतो. आमची डेटा केबल त्याच डक्टमधून मोटरीच्या केबलला चिकटून बारा मीटर खाली उतरते. आधीही असंच होत असणार, जुना स्विच एररचे आकडे दाखवतच नव्हता.

केबलचं टोक सोलून पाहिलं. शील्ड (गोंगाट अडवणारं धातूचं आवरण) असलेली केबल, बाहेर वापरायची, चांगली. पण प्लग प्लॅस्टिकचा आणि शील्डची बारीक तार मुळापासून कापलेली. म्हणजे शील्ड नव्हतंच, केबलमध्ये नुसती चांदीसारखी चकाकी होती.

२७ मे

मोटरीची केबल बदलून जाळीच्या शील्डची टाकली. ड्राइव्हच्या टोकाला शील्ड पिळून शेपटी करून जोडायचं नाही, चहूबाजूंनी कवेत घेणारा क्लॅम्प लावायचा. डेटा केबल ३० सेंटिमीटर दूर नेली, एका ठिकाणी ओलांडणं भाग होतं तिथे काटकोनात. दोन्ही टोकांना धातूचे प्लग, शील्ड दोन्हीकडे जोडलं. वेगळ्या अर्थिंगच्या काळात दोन्हीकडे जोडलं असतं, तर शील्डमधूनच करंट फिरला असता, आता तो फरक फारसा उरलेला नाही. कपाटाशी गोंगाट अडवणाऱ्या फेराइटच्या कड्यातून केबलचे तीन वेढे घेतले. वेढ्यांच्या वर्गाने परिणाम वाढतो, तीन वेढ्यांना नऊपट.

पंप चालू असताना तासाला सहा-सात एरर. चालण्यासारखं आहे, पण डोक्यात किडा राहिलाय.

एक गोष्ट लिहून ठेवतो. वीज सांगते, डेटा आणि पॉवरच्या वायरी जवळून एकाच वाटेने न्या, नाहीतर दोघींमध्ये मोठा फास (लूप) तयार होतो आणि त्या फासात दाब उपजतो. गोंगाट सांगतो, दूर ठेवा. तडजोड अशी की रेडिओची डेटा केबल रेडिओच्याच पॉवरसोबत राहील आणि दोघी मिळून मोटरीपासून दूर.

३० मे

किडा गेला नाही, म्हणून गच्ची ते कपाट फायबर टाकायचं ठरवलं. काचेतून ना वीज जाते ना पंपाची घरघर. गच्चीवरच्या डब्यात मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याच्या केबलमधला दुभाषी), तिथून रेडिओपर्यंत दीड मीटर तांबं. पॉवर मात्र तांब्यानेच जाणार, २४ व्होल्ट डीसी, दोन्ही टोकांना डीसीचे प्रोटेक्टर. हे सुरुवातीलाच करायला हवं होतं का? नुसतं फायबर टाकलं असतं आणि अर्थिंग तसंच ठेवलं असतं, तर पुढचं वादळ पॉवरच्या वायरीतून आत आलं असतं. क्रम बरोबरच झाला, जरी ठरवून केलेला नसला.

३ जून

फायबर आलं. सोलायला घेतलं तर आत काचेच्या शेजारी आधाराची पोलादी तार! वीज जाऊ नये म्हणून आणलेल्या केबलमध्ये गच्चीपासून कपाटापर्यंत सलग लोखंड. यादीत ‘ड्रॉप केबल’ एवढंच लिहिलं होतं, चूक माझी. परत पाठवलं, बिनधातूची मागवली.

६ जून

बिनधातूची केबल पडली. जुनी डेटा केबल काढूनच टाकली, ‘असू दे, कधी लागेल’ म्हणून लोंबकळत ठेवली नाही. दोन्ही टोकांना न जोडलेली तारही वीज आत आणू शकते. पंप चालू, एरर शून्य.

१४ जून

रात्री मोठं वादळ. एकदा चमक आणि आवाज यांत मोजायला वेळच मिळाला नाही. लिंक पडली, पावणेदोन मिनिटांत परत आली.

१५ जून

रेडिओच्या लॉगमध्ये रात्री १:४२ ला रीबूट. कपाटातलं सगळं जिवंत, स्विच, पॉवर सप्लाय, नवा रेकॉर्डर. गच्चीवरच्या डब्यात डीसी प्रोटेक्टरची खिडकी हिरव्याची लाल झालेली, त्याने स्वतः जळून बाकीच्यांना सोडलं. मास्टच्या टोकाच्या सळईवर बोटाच्या पेराएवढा निळसर काळा ठिपका, भिंगाखाली धातू वितळून थिजलेला दिसतो. काकांनाही भिंग दिलं. त्यांनी दोनदा पाहिलं आणि सळईला हात लावला नाही.

प्रोटेक्टर बदलला, डब्यावर तारीख लिहिली, दोन जास्तीचे कपाटात ठेवले. डब्याच्या झाकणाचं रबर बसत नाहीये, आत मुंग्यांनी घर केलंय, ते बदलायचं.

११ ओहमची मोजणी पावसाने ओल्या झालेल्या मातीतली आहे. ऑक्टोबरनंतर जमीन वाळली की खुंटे घेऊन पुन्हा.